मनुबाईचं नाव

धनाजी इंगवल्यांचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती आणि चौगुले सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. मुंग्यांवरच्या एका जाड जर्मन पुस्तकात ते घडी घालून ठेवलेलं होतं, आणि त्या दिवसापासून सरांनी ते पुस्तक फडताळातून काढलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र, शाळेतल्या वळणाचं ठसठशीत अक्षर. मजकूर तो केवढा!

‘सा. न. वि. वि. तुम्ही आमच्या आईचं नाव मुंगळ्याला ठेवलं. आमच्यात जिवंत माणसाचं नाव दुसऱ्याला ठेवत नाहीत. माणूस गेल्यावर नातवंडाला ठेवतात. आईचं वय झालं आहे, पण सुटका होत नाही. तेवढं नाव माघारी घ्यावं ही विनंती.’

उत्तर काय द्यायचं हेच सरांना सुचलं नव्हतं. त्यांना कुणालाच पटकन उत्तर देता येत नसे. तासगावच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण वर्गात मागच्या बाकावरून कुणी शंका विचारली की ते आधी फळा पुसायला वळायचे. त्यातून जैनाचं घर. नोकरी लागली तेव्हा त्यांच्या आईनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की हातानं एक जीव मारायचा नाही. मुंग्यांचा अभ्यास करणारा हा माणूस मुंगी मारत नाही, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांची बरीच थट्टा व्हायची. सर मेलेल्या मुंग्या गोळा करायचे.

औंधला मनुबाई भेटल्या त्या यामुळंच. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांशी त्या ओटीचं सामान विकायला बसायच्या. पाठीमागं चिंचेचं जुनं झाड होतं. त्याचा बुंधा मुंगळ्यांनी आतून कोरून पोकळ केला होता. मुंगळे लाकूड खात नाहीत, घर करायला कोरतात. आणि घरात कुणी मेलं की उचलून बाहेर आणून ठरल्या जागी टाकतात. ती जागा मनुबाईंना ठाऊक होती. सर महिन्यातून एकदा जायचे आणि मनुबाई काडेपेटी पुढं करायच्या.

“घ्या मास्तर, तुमचा परसाद.”

त्या मुंगळ्यांच्या पोटावर सोनेरी लव होती, आणि जबड्याचे दात मोजले तर एक जास्त भरायचा. सरांनी दोन वर्षं पुस्तकं चाळली. जगात कुणी या मुंगळ्याला नाव दिलेलं नव्हतं. मग त्यांनी एक धड नमुना निवडला, छातीत मधोमध न टोचता रीतीप्रमाणं जरा उजवीकडं टाचणी टोचली, खाली चिठ्ठी लावली. नव्या जातीचं नाव अशा एकाच नमुन्यावर टांगलेलं असतं. सरांनी नाव ठेवलं कॅम्पोनोटस मनुबाई. मोठ्या नियतकालिकाला लेख पाठवायचा धीर झाला नाही, तीन वेळा पाकीट तयार करून त्यांनी फाडलं. शेवटी कॉलेजच्याच विज्ञानपत्रिकेत एकोणीसशे एकोणनव्वद साली तो छापला.

मनुबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. “मी हाय की अजून,” एवढंच म्हणाल्या.

पुढं जगभरच्या याद्यांमध्ये ती ओळ चढली. कॅम्पोनोटस मनुबाई, चौगुले, १९८९. आयुष्यात सरांनी केलेलं असं म्हणण्यासारखं एवढंच होतं.

यंदा पौषात त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्काताईंनी, फडताळ आवरायला काढलं आणि पत्र खाली पडलं. आक्काताईंचं वय ब्याऐंशी, चष्मा न लावता वाचायच्या.

“उत्तर दिलंस का रं याला?”

“राहिलं.”

“अकरा वर्षं? दारात आलेल्याला पाणी न विचारता उभं केलंस की. मुंग्यांस्नी साखर घालतोस आणि माणसाला कोरडं ठेवतोस.”

“आता त्या असतील तरी का?” सर म्हणाले. एकोणनव्वद साली मनुबाई पंच्याहत्तरीच्या होत्या.

“मग जाऊन बघून ये.”

सांगलीहून निघून, विट्याला एसटी बदलून सर दुपारी औंधला उतरले. चिंच तिथंच होती. पायऱ्यांशी आता दुसरीच बाई नारळ विकत होती. इंगवल्यांचं घर तिनं हात करून दाखवलं आणि विचारलं, “म्हातारीकडं का?”

धनाजी दारातच होते. मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, पाठ अजून ताठ. सरांनी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर पाहिलं आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितलं. रागाचा एक शब्द नाही. त्यानं सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दोनदा तिरडी बांधली सर,” चहा पिताना धनाजी म्हणाले. “दोन्ही येळंला डॉक्टर म्हणला, संपलं. पाव्हणं आलं, रडून झालं. उचलायच्या टायमाला आईनं डोळं उघडलं. दुसऱ्या येळंला तर माझा साडू म्हणला, धनाजी, पुढच्या बारीला पक्कं झाल्याबिगर फोन करू नगंस गड्या, ऊस तोडायचा सोडून आलोय.”

ते हसले. सरही हसले. मग सरांनी कप खाली ठेवला.

“खातात काय?”

“नऊ वर्षं झाली, दाणा न्हाई. पानी तेवढं घेती. नखं काढावी लागत न्हाईत, वाढतच न्हाईत.”

मनुबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. एकशे आठ-नऊ वर्षांचं माणूस सरांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते कसं दिसायला हवं हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेहरा त्यांच्या आठवणीतलाच होता, फक्त वाळलेला. पाय पांघरुणाबाहेर होते. खिडकीच्या फटीतून मुंगळ्यांची एक रांग पलंगाच्या खुरावरून वर येत होती. एकेक मुंगळा मनुबाईंच्या अंगठ्यापाशी थांबायचा, मिशांनी नखाला स्पर्श करायचा आणि बाजूनं परत फिरायचा. मग पुढचा. एकही चावत नव्हता. ढकलाढकल नव्हती. मयताला आलेली माणसं पायाला हात लावून मागं सरतात, तसं.

“पावडर टाकून बघितली,” धनाजी हळू आवाजात म्हणाले. “दुसऱ्या दिवशी परत येतात.”

सरांनी मनगट हातात घेतलं, घड्याळाकडं बघितलं. नाडी लागली नाही. आपलीच बोटं म्हातारी झाली असतील, असं त्यांना वाटलं.

“मास्तर,” मनुबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “आलासा व्हय.”

“आलो.”

“हितं टोचतंय बघा.” त्यांनी छातीवर बोट ठेवलं. मधोमध नाही, जरा उजवीकडं. “आन् त्यो वास. डबीतला. लय गार हाय तितं.”

सरांनी श्वास घेऊन पाहिला. खोलीत शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास होता. डांबरगोळीचा नव्हता. डांबरगोळ्या सांगलीत होत्या, सरांच्या कपाटात, त्या नमुन्याच्या डबीत.

धनाजी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला आले. “त्यो मुंगळा नदीत सोडून दिला तर?”

“मुंगळा गेला तरी नाव जात नाही,” सर म्हणाले. “एकदा रीतसर छापलं की ज्यानं ठेवलं त्यालाही माघारी घेता येत नाही. तसा नियमच आहे.”

“काईच वाट न्हाई?”

गाडी आली म्हणून सरांना उत्तर द्यावं लागलं नाही.

वाट होती. सरांना ती वीस वर्षांपासून ठाऊक होती.

घरी येऊन त्यांनी विज्ञानपत्रिकेचा पिवळा पडलेला अंक काढला. शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या नावाखाली बारीक टाइपात एक ओळ होती: ‘केवळ खासगी वितरणासाठी, कायमस्वरूपी शास्त्रीय नोंदीसाठी नव्हे.’ दरवर्षी छापखाना ती सवयीनं घालायचा. आणि ज्या अंकावर अशी ओळ असेल त्यातलं नाव शास्त्राच्या लेखी ठेवलेलंच नसतं. मुद्रित तपासताना ती सरांच्या नजरेतून सुटली. पुढं एकदा दिसली, तेव्हा त्यांनी अंक मिटून ठेवला. ती ओळ कुणाला दाखवणं म्हणजे यादीतून स्वतःलाच पुसणं.

मग त्यांनी डबी उघडली. भिंग घेतलं. शेजारी एकोणनव्वद सालचं आपलंच चित्र ठेवलं. चित्रात मुंगळ्याच्या दोन्ही मिशा मागं वळलेल्या होत्या.

आता एक पुढं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोल्हापूरला श्रद्धा मगदूमला फोन केला. ती त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक, एका शास्त्रीय नियतकालिकाची संपादक. सतरा वर्षांपूर्वी तिनं कवठे महांकाळच्या बाभळीत सापडलेला एक काळसर मुंगळा टाचणीवर लावून त्याला गुरूचं, म्हणजे सरांचं, पहिलं नाव दिलं होतं. कॅम्पोनोटस वर्धमानी.

“तो आणि माझा एकच आहे, श्रद्धा,” सर म्हणाले. “तू दाखवलास त्याच दिवशी मला कळलं होतं. तुझं मन मोडेल म्हणून बोललो नाही. खरं म्हणजे नाव बघून बरं वाटलं होतं.”

मग त्यांनी शेवटच्या पानाबद्दल सांगितलं.

“सर, मग मनुबाई बाद होतं. आधीचं नावच नसलं की नंतरचं टिकतं, त्या मुंगळ्याचं खरं नाव वर्धमानी राहतं. तुमचं.”

“हो.”

“तुमचा एवढा एकच शोध, सर. जाऊ दे ना. कोण बघतंय?”

सरांनी भिंतीकडं पाहिलं. फळा असता तर पुसला असता.

“छाप,” ते म्हणाले.

अंक वैशाखात आला. दीड पानाची टीप होती, खाली सरांचं नाव. त्यांनी ती दोनदा वाचली आणि डबी उघडली. टाचणी होती, चिठ्ठी होती. टाचणीभोवती चिमूटभर तांबूस भुकटी पडली होती. चौतीस वर्षांच्या मुंगळ्याचं व्हावं तेच झालं होतं.

दुपारी धनाजींचा फोन आला.

“आई सकाळी गेली, सर. च्या मागितला. बशीत वतून पिली. ‘टोचायचं थांबलं’ म्हणली, आन् गेली. ह्या बारीला मी सांजपतोर थांबतो, मगच पाव्हण्यांस्नी कळवतो.”

तरी पत्राला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. सरांनी कोरा कागद घेतला. ‘आपलं पत्र पोचलं. उशिराबद्दल क्षमा असावी. नाव माघारी घेतलं आहे.’ छापील पान जोडून त्यांनी पाकीट बंद केलं.

“डांबरगोळ्या कुठं ठेवल्यास रं?” आक्काताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. “सकाळपासनं वास येतोय तुझ्या अंगाला.”

“बाहेर ठेवल्या नाहीत,” सर म्हणाले आणि छातीवरून, जरा उजवीकडं, हात फिरवला.

विश्रामबागच्या चौकाजवळ टपालपेटी होती. ऊन उतरलं होतं. कुणी तरी रसवंतीचा चरक धूत होतं. सरांनी पाकीट फटीत सरकवलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज ऐकला.

हात काढताना त्यांना दिसलं. पेटीच्या पाठीमागच्या कडुनिंबावरून मुंगळ्यांची रांग येत होती. पुढचा मुंगळा फटीच्या कडेवर थांबला, मिशा लांब करून त्यानं सरांच्या अंगठ्याच्या नखाला स्पर्श केला, आणि बाजूनं परत फिरला. मग दुसरा आला.

झटकायचं सरांच्या मनातही आलं नाही. ते हात तसाच धरून उभे राहिले. रांग बरीच लांब होती, थेट झाडापर्यंत. पण आता त्यांना घाई नव्हती.