झोतांची दिशा

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. माझी धाकटी बहीण वेधशाळेत दीर्घिकांचा अभ्यास करायची. पन्नाशीत मला अक्षरं तिनेच शिकवली. ड्रायव्हरकी सुटल्यावर तिने मला हाताखाली घेतलं.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची चपटी ताटली. काहींच्या मधून दोन्ही बाजूंना झोत निघतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, रेडिओ दुर्बिणीलाच सापडतात. ताटली जशी असेल त्या हिशेबाने झोत निघतो की वाटेल तसा, एवढंच तिला शोधायचं होतं. चित्रं भिंतीवर टाचलेली असत. पारदर्शक कागद ठेवून मी ताटलीची रेघ मारायची, तिने दुसऱ्या कागदावर झोताची. एकमेकांचं बघायचं नाही. बघितलं की हात तिकडेच ओढतो.

एका बुधवारी सकाळी तिने विचारलं, "दादा, माझ्या चित्रांना हात लावलास?"

"तुझ्या वस्तूंना हात लावून बोलणी कोण खाणार?"

ती हसली नाही. प्रत्येक चित्रातला झोत तिच्या खुर्चीच्या रोखाने वळला होता. ताटल्या मात्र माझ्या जुन्या रेघांवर तंतोतंत बसत होत्या.

"छपाईत घोळ असेल," मी म्हणालो.

तिने सगळी चित्रं नव्याने छापून लावली. झोत पूर्ववत आले. खुर्ची तिने खिडकीपाशी नेली. चहा घेऊन ती तिथे टेकली, आणि मी मान वर केली तर सगळे झोत खिडकीकडे.

मी एक चित्र उपटून आडवं फिरवून टाचलं. कागद कोमट लागला. हात काढला, तेव्हा ताटली कागदासोबत फिरली होती. झोत तिच्याकडेच होता.

"तू बस इथे," ती उठत म्हणाली, आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

मी बसलो. झोत दाराकडे वळले होते.

"घरी जा. आज काम नको," मी म्हणालो.

"आणि हे?"

"मी उतरवतो. जा तू."

ती गेली. मी भिंतीकडे न बघता टाचण्या काढत राहिलो. शेवटी नजर गेलीच.

उरलेले झोत सुटले होते. एक उभा, एक आडवा, एक तिरपा. कशाचा कशाला मेळ नव्हता.

मला हायसं वाटलं. तेच सांगायला मी तिला फोन लावला.

उचलला तो कुणा परक्या माणसाने.

माझी धाकटी बहीण त्या बुधवारी दुपारी, वेधशाळेच्या फाटकाबाहेर, बसथांब्याच्या बाकावर बसल्या जागी वारली. लेकीच्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता.