खुणांची वाट

शिबिराचा तिसरा दिवस उजाडेपर्यंत आमची सगळ्यात मोठी अडचण होती डास.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्या स्काउट मुलींच्या शिबिरावर जाते. दोरीच्या गाठी, तंबू ठोकणं, रॉकेल न ओतता चूल पेटवणं, होकायंत्र बघणं, एवढंच शिकवायचं असतं. जागाही ठरलेली. जंगलाच्या कडेला पत्र्याचा लांबट हॉल, बाहेर पाण्याची टाकी, समोर मोकळं मैदान. शिबिरप्रमुखांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते, पोस्टात होते. पण शिट्टी अशी फुंकतात की झाडावरची पाखरंसुद्धा रांगेत उभी राहावीत.

यंदा माझी भाचीही होती. आईला सोडून पहिल्यांदाच बाहेर राहत होती. निघताना ताईने माझा हात घट्ट धरला. "तुझ्या जिवावर पाठवतेय हं." भाचीला मी आधीच बजावलं होतं, "तिथे मी मावशी नाही, बाई. लाड बंद."

त्या सकाळी खुणांची वाट होती. एकाने पुढे जाऊन जमिनीवर खुणा मांडायच्या आणि बाकीच्यांनी त्या शोधत मागून यायचं. दगडांचा बाण म्हणजे इकडे जा. काड्यांची फुली म्हणजे इकडे नको. गवताच्या जुडीला गाठ मारून ती ज्या बाजूला वाकवली असेल, तिकडे वळायचं. मी दरवर्षी तीच वाट मांडते, ओढ्याकाठच्या सपाट खडकापर्यंत. मुली रमतगमत आल्या तरी फार वेळ लागत नाही. त्यांच्यात चष्म्याची एक उंच मुलगी होती, तिला म्होरकी केलं आणि मी पुढे निघाले.

खडकावर बिस्किटांचा डबा ठेवून मी बसले. ऊन चढलं. झाडांतून मुलींची बडबड ऐकू येत होती, आधी लांबून, मग जवळून. मी उठून उभी राहिले, तर आवाज पुन्हा लांब गेला. मग ऐकूच येईना.

चुकल्या असतील, म्हणून मी आल्या वाटेने उलट चालत गेले. माझ्या खुणा जिथल्या तिथे होत्या. फक्त दुभंगलेल्या झाडापाशी माझ्या बाणाशेजारी आणखी एक बाण होता, डावीकडे, जंगलात आत जाणारा.

कर्नलांची चेष्टा, असं मला वाटलं. राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाचा आधारही वाटला. त्या बाणाच्या मागे मी आत शिरले.

पुढे गवताची एक जुडी होती. मी खाली बसून पाहिलं. मी डावखुरी आहे. माझी गाठ इतरांपेक्षा उलटी बसते. कर्नल त्यावरून नेहमी चिडवतात. ही गाठही उलटी होती. मोडलेल्या पात्यांतून अजून रस येत होता.

मी ही गाठ मारली नव्हती.

पुढच्या सगळ्या जुड्या तशाच होत्या. घाई नाही, चूक नाही, माझ्यापेक्षाही नीटनेटक्या. किड्यांची किरकिर कधी थांबली ते कळलं नाही. माझ्या बुटांचा आवाज तेवढा येत होता, आणि तो मला नकोसा झाला होता. भाचीला हाक मारावी असं फार वाटत होतं, पण हाक मारली तर भलतंच कुणीतरी ओ देईल, असं काहीतरी मनात आलं. मी, जी वर्गात असल्या गोष्टींना हसते!

झाडं संपून मोकळी जागा आली. भर उन्हात मुली ओळीने बसल्या होत्या. सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्या गप्प. शिबिरात एक क्षणही ज्यांचं तोंड मिटत नव्हतं, त्या.

"अगं, इथे काय करताय तुम्ही?"

त्यांनी वळून पाहिलं. कुणी दचकलं नाही, कुणी रडलं नाही. म्होरकी चष्मा सावरत म्हणाली, "तुम्हीच बसा म्हणालात ना, बाई."

"मी? कधी?"

ती भाचीकडे बघायला लागली. भाची मान खाली घालून म्हणाली, "मावशी म्हटलं तरी चालेल, असंपण म्हणालीस. माझे केस नीट केलेस."

तिचे केस खरंच नीट विंचरलेले होते. "उठा, चला," एवढंच कसंबसं म्हणाले. त्या लगेच उठल्या, कुरकूर न करता. मी त्यांना पुढे घातलं आणि मागे एकटी चालले.

हॉलवर पोचल्यावर कर्नलांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. "बाई, पोरींनी तुम्हाला बनवलंय. थांबा, मी बघून येतो." शिट्टी गळ्यात अडकवून ते गेले. मी मुलींना टाकीपाशी सावलीत बसवलं आणि तिथून हलले नाही.

ते आले तेव्हा धापा टाकत होते. सरळ फोनकडे गेले आणि गाडी मागवली. शिबिर संपलं, एवढंच मुलींना सांगितलं. मग मला बाजूला घेतलं.

"तुम्ही इथून कुठे गेला होतात का?"

"नाही. का?"

"तिथे तुम्हीच दिसलात. पाठमोऱ्या. वाकून काहीतरी बांधत होतात. मी हाक मारली." त्यांनी मिशा पुसल्या. "पोरींना घेऊन निघा तुम्ही, बाई. मी हॉल बंद करून मागून येतो."

दुपारी बस आली. मी दाराजवळच्या सीटवर बसले, मुली मागे. मी वारंवार वळून पाहत होते, आणि दर वेळी त्या माझ्याकडे बघत असायच्या. दाटून आलेली भीती असती तर मला कळली असती. ती भीती नव्हती. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायला सांगितलेली मुलं असतात ना, तसं काहीतरी होतं.

शेवटी मी उठून भाचीच्या शेजारी गेले. "बाळा, तिकडे ती... मी... आणखी काय म्हणाले?"

तिने मैत्रिणींकडे पाहिलं. मग हळूच, माझं मन मोडू नये अशा आवाजात म्हणाली, "सांगायचं नाही म्हणालीय."

"मला सांग. मी तुझी मावशी आहे."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. पण तो हात नुसता माझ्या हातात पडून होता.

"ती म्हणाली, मी जाऊन येते. तेवढ्यात एकजण येईल, अगदी माझ्यासारखी. तिला घाबरू नका. तिला कळू देऊ नका. ती म्हणेल तसं करा, मी येईपर्यंत."

"अगं, मीच..." मी म्हणाले. आंघोळीला पाणी काढून दिलं होतं ते सांगू? तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते ते? ती ऐकून घेत होती. विश्वास ठेवत नव्हती, नुसती ऐकून घेत होती.

तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला.

दोन्ही बाजूंना जंगलच होतं. थांबा नव्हता, फाटाही नव्हता. बस रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ड्रायव्हरने दार उघडलं.

"या, सावकाश चढा," तो बाहेर बघत म्हणाला.

माझ्या जागेवरून पायरी दिसत नव्हती.

मागच्या मुली एकेक करून उठून उभ्या राहिल्या. बाई वर्गात आल्यावर उठतात तशा. भाचीने माझ्या हातातून हात काढून घेतला. तिचा चेहरा उजळला होता.

मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. दार बंद होण्याची वाट पाहिली.

ड्रायव्हरने दार बंद केलं नाही. वरच्या आरशातून तो माझ्याकडे बघत होता, कुणीतरी उतरायचं बाकी असल्यासारखा.