राहिलेला मैल

"जुने कपडे इकडे टाका! स्वेटर, टोप्या, हातमोजे... जुने प्रियकर मात्र घेतले जाणार नाहीत!"

हॉपकिंटन गावच्या थंडीत कुडकुडणाऱ्या ब्रिजिड टियर्नीला खुदकन हसू फुटलं. एप्रिलातला सोमवार, बोस्टन मॅरेथॉनची सकाळ. हजारो धावणारे सुटायची वाट बघत उभे, आणि जो तो घरातला सगळ्यात टाकाऊ कपडा घालून. इथली रीतच आहे ती. ऊब हवी तोवर अंगावर ठेवायचा आणि सुटताना काढून रस्त्याकडेला भिरकावायचा. मग स्वयंसेवक ते गोळा करून गरजूंना पाठवतात.

ओरडणारा त्यातलाच एक होता. कुरळे केस, छातीवर पिनेने लावलेलं नाव – तेओ मेदेरोस – आणि हातात अख्खा माणूस मावेल एवढी पिशवी.

"मला प्रियकरच नाहीये," ब्रिजिड म्हणाली. "तुमची पिशवी हलकीच राहणार."

"अरे वा! म्हणजे... अरेरे."

स्वारी कानापर्यंत लाल झाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पण दोन-दोन स्वेटशर्ट?"

"वरचा टाकायचाय. आतला राखाडी नाही. तो नॅनाचा, माझ्या आजीचा. एकोणीसशे सत्तर साली ती हाच घालून धावली होती."

"सत्तर? तेव्हा तर बायकांना परवानगीच नव्हती!"

"ती मिळाली आणखी दोन वर्षांनी. आमच्या नॅनाला कुठला तेवढा धीर! भावाचा स्वेटशर्ट चढवला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि घुसली पुरुषांत. पंचवीस मैल धावली हो! एकच मैल राहिला होता, आणि केनमोर चौकातल्या गर्दीत तिचे वडील उभे. दंड धरून घरी घेऊन गेले."

"आणि मग?"

"मग काय... लग्न, पोरं, गुडघे." ब्रिजिडने आतल्या बाहीवरून बोट फिरवलं. "आज ती शर्यत संपते तिथे येऊन बसलीय. घरच्यांना भेटायला आडनावांच्या अक्षरांच्या पाट्या लावतात ना, तिथे 'टी'च्या पाटीखाली, हिरवी टोपी घालून. म्हणते, माझ्याने नाही झालं, निदान हा स्वेटशर्ट तरी एकदा ती रेष ओलांडू दे."

तेओने त्या राखाडी बाहीकडे एकदा नीट पाहिलं. मग डोळे बारीक करून म्हणाला, "वाटेतल्या न्यूटन गावच्या चढावर भलेभले धावायचं सोडून चालायला लागतात हं."

"मी नाही चालणार."

"लावता पैज?"

"लावली! चालले, तर कॉफी माझ्याकडून. नाही चालले, तर तुमच्याकडून."

"म्हणजे कॉफी पक्कीच की..." तो म्हणाला, आणि असा काही सरळ बघत राहिला की ब्रिजिडला थंडी वाजायचीच थांबली.

तेवढ्यात बंदूक वाजली. धांदल उडाली. तिने वरचा स्वेटशर्ट डोक्यावरून ओढला, त्याच्याकडे भिरकावला, हसली आणि सुटली.

अर्धा मैल गेल्यावर उघड्या दंडांना वारा झोंबला. ब्रिजिडने खाली पाहिलं. अंगात नुसती बनियन आणि तिच्यावर शर्यतीचा नंबर, ऐनवेळी राखाडी स्वेटशर्टवर लावायचा राहिलेला! ओढायच्या नादात दोन्ही स्वेटशर्ट एकदमच निघाले होते.

"अगं बाई!"

मागे वळावं तर अंगावर येणारी हजारो माणसं. वेंधळी कुठली! पन्नासएक वर्षं जपलेली वस्तू, आणि हिने ती एका अनोळखी मुलाकडे बघून हसताना फेकून दिली होती. नॅनाला तोंड कसं दाखवायचं? ब्रिजिड रडत रडतच धावत राहिली. वाटेत वेल्स्ली गावात कॉलेजच्या मुली 'पापी द्या' असे फलक नाचवत किंचाळत होत्या. बाकीचे हसत होते, ही मान खाली घालून पुढे गेली.

विसाव्या मैलापाशी न्यूटनचा शेवटचा चढ आला. मांड्यांचे दगड झाले होते. आणि आता धावायचं तरी कोणासाठी? तिची पावलं मंदावली... अगदी चालीवर आली...

"ओ पैजवाल्या बाई! चालताय की काय?"

कडेच्या गर्दीत एक राखाडी बाही हवेत फडफडत होती. खाली कुरळे केस, घामाने निथळणारा तेओ आणि त्याची सायकल.

"तू? इथे?" ब्रिजिड तुम्ही-बिम्ही सगळं विसरली.

"आडवाटेने आलो. वीस मैल! दोन्ही एकमेकांत अडकलेले होते, म्हणून तेव्हाच लक्षात आलं. पण तोवर तू पसार! मग फोनवर शर्यतीच्या ॲपमध्ये तुझ्या छातीवरचा नंबर टाकून बघत राहिलो, कुठवर आलीस ते."

"नंबर कसा कळला तुला?"

"स्वेटशर्ट काढलेस तेव्हा दिसला... आणि पाठच झाला." तो पुन्हा लाल झाला. "चल, घाल लवकर."

तिने स्वेटशर्ट चढवला. नंबर वर दिसायला हवा, म्हणून तेओ तो तिच्या छातीवर लावायला लागला. एक पिन गवतात पडली, ती काही सापडेना, तेव्हा त्याने स्वतःच्या नावाची पिन काढून लावली.

"मी थांबलेय हं," ती म्हणाली. "थांबणं म्हणजे चालणं नव्हे!"

"पळ गं!"

आणि ती काय पळाली! केनमोर चौक आला, तशी तिने राखाडी बाही मुठीत घट्ट धरली. "चल नॅना, आता तुझा मैल," असं मोठ्याने म्हणाली. आजूबाजूचे बघायला लागले. बघू देत! शेवटची रेष तिने दोन्ही हात वर करून ओलांडली.

'टी'च्या पाटीखाली हिरवी टोपी होती. शेजारी तेओ, नॅनाच्या थर्मासातला चहा पीत बसलेला.

नॅना काठी टेकत उठली. तिने ती घामेजलेली बाही दोन्ही हातांनी धरून गालाला लावली आणि पोरीसारखी रडली. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "पोचले गं बाई एकदाची." मग नाक मुरडून, "पण नंबर केवढा वाकडा लावलाय!"

"याने लावला. एक पिन याचीच आहे." ब्रिजिड तेओकडे वळली. धापा अजून थांबल्या नव्हत्या, पण आवाज ठाम होता. "पिन मी परत देणार नाही. आणि ऐक... तू मला आवडलास. नुसता कॉफीपुरता नाही."

तेओच्या हातातला चहा हिंदकळला. "मला तर... मला तर तू सकाळीच..."

"बापरे, याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढची मॅरेथॉन येईल," नॅना म्हणाली. तिने पुढे होऊन तेओचा दंड घट्ट धरला, तिच्या वडिलांनी एकदा तिचा धरला होता तसाच.

"चल घरी," ती म्हणाली. "जेवायला."