डोंगराची परतफेड

बालाघाटच्या डोंगरातलं पाणी कुणाला मिळणार, हे आता डोंगरच ठरवत असे. धरणं गाळानं भरली होती, बोअर कोरड्या खडकात जाऊन थांबले होते, आणि पंप-पाइपलाइन शिकवणारे अभ्यासक्रम विद्यापीठानं कधीच गुंडाळले होते. त्यांच्या जागी निसर्गाधारित जलव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आली होती. पहिल्या तासाला डॉ. वैदेही कोनाळे मातीचं ढेकूळ फोडून विद्यार्थ्यांना आतले पांढरे धागे दाखवत.

"हे पाणतंतू. जमिनीतल्या बुरशीचीच, पण प्रयोगशाळेत घडवलेली जात. साधी बुरशी झाडाच्या मुळांना पाणी पुरवते आणि बदल्यात साखर घेते. तिचा व्यवहार हातभर अंतरात चालतो, हिचा डोंगरभर. पावसाचं पाणी ही धरून ठेवते, आणि जिकडून तिला काही परत मिळतं तिकडे वर्षभर थोडं थोडं सोडते. तिथे झरा लागतो."

"आणि जिकडून काहीच मिळत नाही तिथे?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

"तिथे लागत नाही. डोंगर दान करत नाही, देवघेव करतो."

या देवघेवीत एकदा लबाडी झाली होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या मोसंबीवाल्यांनी बाहेरून खताची पोती आणून ओतली आणि निम्म्या डोंगराचे झरे आपल्याकडे वळवून घेतले. तेव्हा कोनाळेबाईंनी पाणतंतूंची नवी पिढी तयार केली. प्रत्येक डोंगराच्या खडकात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचं एक ठरावीक मिश्रण असतं. ते पाण्यातून पिकात उतरतं, पिकातून शेणात आणि हाडात. ही जणू खडकाची सही. नव्या पिढीला ती सही ओळखता येत होती. या डोंगराच्या पाण्यावर जे वाढलं आणि याच मातीत परत आलं, तेवढंच ती जमेस धरी. बाहेरचं खत तिच्या लेखी मातीमोल होतं. इतका न्याय्य नियम आपण पुन्हा करू शकणार नाही, असं बाईंना वाटे.

पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक झरा सांभाळायला देत. समीना तांबोळीच्या वाट्याला उंबरदऱ्याचा आला. तो आटत चालला होता.

उंबरदऱ्यात मोजकी म्हातारी माणसं उरली होती. शेतं पडीक, गोठे रिकामे. समीनानं पालापाचोळा गोळा केला, चुलींची राख घेतली, खड्डे करून सगळं कुजवलं. झऱ्याची धार करंगळीएवढी होती ती करंगळीएवढीच राहिली.

"सोड गं पोरी," सरपंच शेवंताबाई बिडवे म्हणाल्या. जन्म त्यांचा याच गावातला आणि लग्नही गावातच झालेलं. "तरणी माणसं गेली, ढोरं गेली. आता डोंगराला द्यायला आमच्यापाशी हाय काय?"

आणि मग पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला, मल्लप्पा कोऱ्यांच्या शेतात, नवा झरा फुटला. शेतात काही पेरलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी तिथे नारळ फोडला आणि हंडे भरले. समीनानं मातीचे नमुने घेतले आणि ती विद्यापीठात परतली.

कोनाळेबाईंनी आकडे दोनदा पाहिले. "एवढा स्फुरद, एवढा फॉस्फरस आला कुठून, आणि तोही याच डोंगराची सही असलेला? तिथे काही पुरलंस का तू?"

"मी नाही, मॅडम." समीना अडखळली. "मल्लप्पा आजोबा दिवाळीनंतर वारले. ते लिंगायत होते. घरच्यांनी त्यांना त्यांच्याच शेतात पुरलं."

"नियम करताना माझ्या डोळ्यांसमोर कडबा होता," बाई म्हणाल्या, "शेण होतं, पाचोळा होता."

"माणूसही त्याच पाण्यावर वाढतो, मॅडम. नियम काढून टाकता येईल?"

"जुने तंतू मारून नवे सोडावे लागतील. ते डोंगरभर पसरायला कित्येक पावसाळे जातील, आणि तोवर कुठल्याच गावाला झरा नाही." त्यांनी कागद पालथे घातले. "गावात बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसांना हे सांगणं म्हणजे काय, कळतंय ना?"

"ते पाणी ती माणसं पितायत. न सांगता पाजत राहायचं?"

त्या आठवड्यात बाई स्वतः उंबरदऱ्याला गेल्या आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं समजावलं.

"म्हंजे मल्लप्पाचं पानी पितोय आमी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पाणी पावसाचंच आहे, आजी. मल्लप्पांमुळे ते तुमच्याकडे वळलं."

रंगनाथ भोसगे हसायला लागले. उभी हयात इचलकरंजीच्या सूतगिरणीत काढून ते नुकतेच गावी परतले होते. "जितेपणी कुणाला तांब्याभर पानी दिलं न्हाई त्यानं!"

हसणं ओसरल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, "आमच्यात जाळत्यात. राख नदीला जाती. डोंगराचं डोंगराला मिळतच न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "मला झऱ्याच्या वर पुरा. पोराला मी सांगते."

एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं.

खरी गोष्ट विद्यार्थ्यांपासून दडवायची नाही, या मताच्या कोनाळेबाई होत्या. उंबरदऱ्याचा अभ्यास दुसऱ्या सत्रात शिकवला जाऊ लागला. पुढे समीनाच तो शिकवू लागली. तिच्या वर्गात डोंगराच्या सगळ्या बाजूंची मुलं असत, मोसंबीवाल्यांचीही.

एका सकाळी ती उंबरदऱ्यात असताना एक पांढरी गाडी आली. गाडीतून मकरंद देवणे उतरला. गेल्या वर्षी पदवी घेतलेला तिचाच विद्यार्थी. तो तिच्या पाया पडला.

"आमच्या मोसंबीच्या बागायतदारांनी वृद्धाश्रम काढलाय, मॅडम. सगळं मोफत. डॉक्टर, दोन वेळचं गरम जेवण, शेवटपर्यंत सेवा."

"आणि त्यानंतर?"

"बागेतच जागा. घरच्यांची लेखी संमती घेऊनच. जबरदस्ती कुणावर नाही." तो जरा थांबला. "तुम्हीच शिकवलंत ना."

गाडी येणार हे गावाला आधीच कळलं होतं; रंगनाथराव पिशवी भरून तयारच होते. मकरंदनं त्यांना अदबीनं बसवलं आणि ते कुठे कुठे राहिले ते विचारलं. इचलकरंजीचं नाव ऐकल्यावर त्यानं हातातली लेखणी खाली ठेवली.

"माफ करा, काका. तुम्हाला नेता नाही यायचं."

"का? मी याच गावचा हाय!"

"आहातच. पण हाडं इचलकरंजीच्या पाण्यावरची."

रंगनाथरावांनी पिशवी उचलली. ते मान खाली घालून घराकडे निघाले. उभ्या आयुष्यात कुणी इतकं अपमानित केलं नसावं, तसे. समीनानं त्यांना हाक मारली, पण ते वळले नाहीत.

मकरंद शेवंताबाईंकडे वळला. "आजी, तुम्ही कधी बाहेरगावी राहिलात?"

"आठ दिसाच्या वर कधीच न्हाई."

त्यानं हसून गाडीचं दार उघडलं. आत गादीची बैठक होती, पाण्याची बाटली होती, पायाखाली घ्यायला लहानसा पाट होता.

शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. "मी इथंच बरी हाय, बाबा."

मकरंदला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यानं दार हलकेच लावलं, त्यांच्या हातात एक शाल आणि मोसंबीची पिशवी दिली आणि वाकून नमस्कार केला.

"घाई नाही, आजी," तो म्हणाला. "आम्ही थांबू."