पाव वळसा

झाड सरळ वाढवायचं असेल तर कुंडी वळवावी लागते. उजेड एकाच बाजूने येत असेल तर झाड त्या बाजूला झुकतं. मग दर आठवड्याला कुंडीला पाव वळसा द्यायचा, नेहमी एकाच दिशेने. झाड पुन्हा उजेडाकडे तोंड फिरवतं, आपण पुन्हा वळसा देतो, आणि या ओढाताणीत खोड सरळ राहतं. माझं सगळं काम असल्याच साध्या गोष्टींवर चालतं. रोपवाटिका बायको सांभाळते, मी लोकांच्या घरी आणि ऑफिसांत जाऊन कुंड्यांची देखभाल करतो. पाणी, छाटणी, पानं पुसणं, कीड बघणं. झाडांशी गोड बोललं की ती जोमाने वाढतात असं मला निदान अर्धी गिऱ्हाइकं तरी सांगतात. मी मान डोलावतो आणि कुंडीत बोट खुपसून माती कोरडी आहे का ते बघतो.

भावोजींशी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याशी, माझं छान जमायचं. वाद फक्त गॅलरीवरून. त्यांनी गॅलरीला काचा लावून तिची लांबट खोली केली होती आणि फळीवर ओळीने कुंड्या मांडल्या होत्या. जास्वंद, जिरेनियम, नेचे, रबराचं झाड, एक निवडुंग. सगळी निरोगी, पण सगळी खिडकीकडे अशी झुकलेली की रस्त्यावर काहीतरी भांडण चाललंय आणि ही वाकून बघताहेत. मी म्हणायचो, भावोजी, अहो जरा वळवत जा. ते हसून विषय बदलायचे. एकदा मी आपणहून जिरेनियमला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. हसतच, पण घट्ट धरलं होतं.

हिवाळ्यात भावोजी गेले. हृदयविकार, झोपेतच. ताई एकटी पडली. आई गेल्यावर मला ताईनेच वाढवलं. माझ्या शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळं तिने केलं, त्यामुळे तिला काही झालं तर, हा विचारसुद्धा मी करत नाही. ती म्हणाली, "अरे माळीबुवा, गावभरची झाडं बघतोस, बहिणीची कोण बघणार?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झालो आणि सगळ्यात आधी सगळ्या कुंड्यांना डावीकडे पाव वळसा दिला. मनातल्या मनात भावोजींची माफीही मागितली.

गॅलरीची रचना सांगतो. समोर काचा, आणि त्यापलीकडे अरुंद रस्त्यावरची दुसरी इमारत. तिथला नेमका समोरचा फ्लॅट बहुतेक वेळ रिकामाच. भाडेकरू यायचे आणि टिकायचे नाहीत. डाव्या हाताला भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या मशीनचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा. पाठीमागची भिंत ताईच्या झोपायच्या खोलीची, तिच्या पलंगाची उशाकडची बाजू त्याच भिंतीला टेकलेली. उजवीकडे नळ, माझी बादली, बसायचं स्टूल आणि त्यामागे इमारतीची बाहेरची भिंत. त्यापुढे नुसतं आकाश.

पुढच्या आठवड्यात गेलो तर झाडं सरळ झाली नव्हती. ती खिडकीकडेही फिरली नव्हती. जिकडे वळवून ठेवली होती तिकडेच, म्हणजे डाव्या भिंतीकडे, झुकली होती, आणि आधीपेक्षा जास्त. नेच्यांचं मी समजू शकलो असतो. पण निवडुंगाचं टोकही तिकडेच कललेलं होतं, आणि निवडुंग काही आठवडाभरात मान फिरवत नाही. भिंत पांढरी होती, तिच्यावरून उजेड परावर्तित होत असेल असं मी स्वतःला सांगितलं. तरी भिंतीवर हात ठेवून बघितला. भिंत गार होती, बाकी काही नाही.

मग लक्षात आलं की मशीन बंद आहे. ताई म्हणाली, शेजारच्या बाई आजारी आहेत, बिछान्यातून उठवत नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसती ताकद गेली आहे आणि पाय बर्फासारखे गार पडतात. ताई दोन्ही वेळेला त्यांना सूप नेऊन देत होती. मी हं हं करत ऐकलं आणि हट्टी झाडांवर चिडून कुंड्यांना आणखी एक पाव वळसा दिला.

त्याच्या पुढच्या खेपेला दारातच मशीनचा आवाज आला. जिन्यात बाई भेटल्या, चांगल्या टवटवीत. म्हणाल्या, बरं वाटायला लागलं ते एका सकाळी एकदमच, जसं काही झालंच नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुमच्या ताईंकडे जरा बघा."

ताई पलंगावर होती. दोन पायमोज्यांवर भावोजींची लोकरी शाल गुंडाळलेली. चेहरा उतरलेला, तरी मला बघून म्हणाली की म्हातारीला नाटकं सुचतात, लक्ष देऊ नकोस. मी तिचे पाय हातात घेतले. मोज्यांतूनही गारवा लागत होता. डॉक्टर येऊन गेले होते, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळ्या चांगल्या आल्या होत्या. गॅलरीत झाडं पाठीमागच्या भिंतीकडे झुकली होती. जास्वंदीची एक फांदी तर भिंतीला टेकली होती, कान लावून ऐकावं तशी.

मी घाबरलो असं नाही. मी वैतागलो. जिरेनियम घेऊन रोपवाटिकेत आलो, आणि दोन दिवसांत ते शहाण्यासारखं उजेडाकडे वळलं. परत नेऊन फळीवर ठेवलं. सकाळी बघितलं तर ओळीतल्या बाकीच्यांबरोबर तेही भिंतीकडे. म्हणजे दोष झाडात नव्हता, खतात नव्हता, कुठल्याच पुस्तकात सापडेल अशा जागी नव्हता.

ताईला माझ्याकडे चल म्हटलं. ती नाही म्हणाली. हे घर सोडलं तर मी मेलेच, असं अगदी शांतपणे म्हणाली. निदान कुंड्या तरी नेतो म्हटलं, तर डोळ्यांत पाणी आलं. "त्यांचं एवढंच उरलंय रे." त्या आठवड्यात मी रोज जात होतो आणि रोज ती जराशी कमी झालेली असायची. आवाज कमी, खाणं कमी. एका दुपारी तिने मला भावोजींच्या नावाने हाक मारली आणि चूक लक्षात आल्यावर तिला हसूही आलं नाही.

मी स्टुलावर येऊन बसलो. मला रडू येत होतं. भिंतीपलीकडे मशीन जोरात चाललं होतं, जुनं, खडखडणारं, आनंदी मशीन. ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसली. झाडं डाव्या भिंतीकडे होती तेव्हा बाई आजारी होत्या. मी वळवली आणि बाई बऱ्या झाल्या. झाडं कशाकडे तरी बघत नव्हती. झाडं जिकडे बघत होती, तिकडे काहीतरी जात होतं. आणि त्यांना वळवत होतो मी.

आत जाऊन ताईला विचारलं, भावोजी कुंड्या कधीच का वळवत नसत.

"एकदा साफसफाईत मी वळवल्या होत्या. केवढे रागावले. आयुष्यात माझ्यावर कधी न रागावलेला माणूस."

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, जे बाहेर बघतंय त्याला आत कशाला वळवतेस." तिने डोळे मिटले. "मला काही कळलं नाही. मीही विचारलं नाही."

मी पुन्हा गॅलरीत आलो. अर्धा वळसा दिला की काम झालं असतं. झाडं परत खिडकीकडे, जशी भावोजींनी इतकी वर्षं ठेवली होती. पहिल्या कुंडीला हात घातला आणि समोर बघितलं. रिकाम्या फ्लॅटला पडदे लागले होते. दोरीवर कपडे वाळत होते. तळहाताएवढी झबली, तळहाताएवढे मोजे. एक तरुण बाई खिडकीत आली, खांद्यावरच्या बाळाला थोपटत उभी राहिली आणि मी बघतोय हे दिसल्यावर ओळख नसतानाही हसली.

मी हात काढून घेतला.

कुंड्या उचलून फेकून द्याव्यात हेही मनात आलं. पण झाडं नसली की ते कुठे आहे हे कळणार कसं? आत्ता निदान दिसत तरी होतं.

उरली उजवी बाजू. नळ, बादली, स्टूल, बाहेरची भिंत, आकाश. तिकडे कोणी राहत नव्हतं.

मी एकेक कुंडी वळवली. रबराचं झाड जड होतं, ते फळीवर घासत फिरलं. नेच्यांची पानं माझ्या हाताला लागली, नेहमीसारखीच ओलसर. शेवटी निवडुंग. मग सवयीने नळाखाली हात धुतले आणि दम खायला स्टुलावर बसलो. समोर सगळी ओळ माझ्याकडे तोंड करून होती. मी फार वेळ बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचाच फोन आला. आवाज खणखणीत. भूक लागली आहे आणि घरात काही नाही, येताना काय काय आणायचं ते तिने न थांबता सांगितलं. मी पिशव्या घेऊन पोचलो तेव्हा ती गॅलरीत उभी राहून पानं पुसत होती. झाडं सरळ होती. अगदी सरळ, कवायतीला उभी केल्यासारखी. "शेवटी जमलं की तुला," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो आणि ती मला वेडा म्हणाली. इतका हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

घरी आल्यावर मला थकवा जाणवायला लागला. धावपळ झाली, दुसरं काय. बायकोने पांघरूण घातलं आणि पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, पण पाय काही गरम होईनात. आमच्या खोलीत खिडकीजवळच्या कोपऱ्यात तिचं एक छोटं टेबल आहे. टेबलाच्या एका अंगाला भिंतीलगत माझी कॉट, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या भिंतीलगत तिची. टेबलावर तिने झेंडूच्या बियांचा ट्रे ठेवला होता. तो आठवडा मी पडूनच काढला, आणि त्याच आठवड्यात बिया उगवल्या. केसासारखी बारीक देठं, प्रत्येकाला दोन पानं. खिडकी त्यांच्या पाठीशी होती. सगळी माझ्या कॉटकडे वाकली होती.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? ट्रे बाहेर नेऊन ठेवला असता तर रोपं सरळ झाली असती आणि ते कुठे आहे याबाबतीत मी आंधळा झालो असतो. असू दे, इथे माझ्याकडे आहे तर असू दे, बाकी कोणाकडे नको. डॉक्टर आले, तपासण्या चांगल्या आल्या. ताई भेटायला आली, पायांवरून हात फिरवत बसली आणि जाताना दाराआड डोळे पुसताना मला दिसली.

आज सकाळी मला जाग आली ती भुकेने.

पाय गरम होते. पांघरूण नकोसं वाटत होतं. मी उठून बसलो, उभा राहिलो, आणि काहीच झालं नाही. कित्येक दिवसांनी अंगात जोर होता. चहा करायला सांगावा म्हणून बायकोला हाक मारली.

ती रोज माझ्याआधी उठते. आज झोपली होती. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं, ओठ पांढरट.

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. ट्रेमधली माती ओली होती. काल झोपण्याआधी तिने पाणी घातलं असणार. आणि रोपं एका बाजूला फारच कलली आहेत हे बघून, इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करून हाताला जी सवय लागली आहे त्या सवयीने, ट्रेला पाव वळसा दिला असणार.

मी तिला हलवलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. "अहो, जरा थंडी वाटतेय," एवढं म्हणाली आणि डोळे पुन्हा मिटले.

मी ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि परत माझ्या कॉटकडे फिरवला. मग कॉटवर जाऊन बसलो, पाय खाली सोडले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने माझी बोटं गार पडायला लागली. आधी अंगठे, मग टाचा. मला हायसं वाटलं.