माळ्यावरचं माप

नेहा, तू शहापूरला रूम बघायला चाललीस ना? बघ, खुशाल बघ. पण चावी हातात घेताना मालकाला एक विचार, दुसरी चावी कोणाकडं हाय? हसू नको गो. आणि स्वरूप, तू तो मोबाइल ठेव बाजूला. लाइट काय आता सकाळपर्यंत येत नाय.

माझ्या साडूचा पोरगा दिपेश. मुरबाडला एमआयडीसीत कामाला, तिथंच भाड्यानं राहायचा. त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलेलं हाय हे.

दुसऱ्या लाटेचं साल, दोन हजार एकवीस. मे महिना, मंगळवार, अवस. संध्याकाळी तो मेडिकलवर गेला, कुणालीच्या गोळ्या आणायला. बायको त्याची, सातवा महिना चालू होता. रस्त्यावर कुत्रं नाय. गोळ्या घेतल्या, लिंबं घेतली, घरी आला आणि दाराला आतून कडी घातली.

त्या कडीवरून केवढं महाभारत झालेलं! घरमालक सावळारामशेठ. खोल्या भाड्यानं दिल्या, पण वरचा माळा दिला नाय. तिथं त्याचं भात, गोण्या शिवून ठेवलेलं. ठेवू दे, आपल्याकडं सगळेच ठेवतात. पण भात बघायचं म्हणून हा माणूस कधीपण आत घुसायचा! दुसरी चावी याच्या करगोट्याला. पोरगी न्हाते का झोपली, काय बघणं नाय. पडवीतली शिडी आणायची, माळ्याला लावायची, चढायचं. लोकं पटापट मरत होती रे तेव्हा, आणि हा मास्क हनुवटीला लावून, खोकत खोकत, तिच्या डोक्यावर गोण्या चाचपत बसणार!

दिपेशनं हात जोडले. "शेठ, बायको दोन जिवाची हाय. साथ जाईपर्यंत येऊ नका. यायचंच असंल तर आधी फोन करा, आमी बाहेर उभे राहतो."

"माझ्याच घरात यायला तुझी परवानगी?"

"भाडं देतो ना आमी?"

"खोलीचं देतोस. माळा माझा हाय."

पोलिसात तक्रार करायला गेला तर तिथला साहेब बोलला, घरात बस, बाहेर कशाला फिरतोस. अरे, घरात बसायचं तर त्या घराचं दार तरी माझ्या हातात पाहिजे ना! आठवलं की आजपण डोकं फिरतं माझं. शेवटी दिपेशनं स्वतः आतून कडी ठोकली. शेठनं दारावर लाथ घातली, "पावसाआधी खोली खाली कर" बोलला आणि गेला. तो नंतर दिसलाच नाय. पोरं सुटल्यासारखी झाली बिचारी. त्या अवसेच्या रात्री जेवली, झोपली.

एकच्या सुमाराला दिपेशला जाग आली.

वर भात पडत होतं. सर्रर्र... मग थाप. माप भरून ओतावं तसं.

"लाभ..." आवाज शेठचा.

तुमाला माहीत नसंल, आता वजनकाटे आले. पूर्वी पायलीनं मोजायचे, आणि पहिल्या मापाला एक नाय बोलायचे, लाभ बोलायचे. मोजणी चालू असताना मधे तोंड उघडायचं नाय, बरकत जाते. दिपेश शेतकऱ्याचं पोर. बायकोला उचलून पळायचं सोडून हा गप बसला! कुणालीच्या कानात बोलला, "मोजून होऊ दे, मग बघतो याच्याकडं." कडी आतून लावलीय, मग हा शिरला कुठून, हे त्याच्या डोक्यातच आलं नाय.

सर्रर्र... थाप.

"दोन..."

फोन वाजला. शेठचा मुलगा, कल्याणवरून.

"दिपेश, बाबा गेले रे. संध्याकाळी. घरी पण आणू दिलं नाय. जाळलं तिथंच."

"तीन..."

"दिपेश? कोण हाय रे तिथं?" मुलगा विचारतोय. "हा तर... बाबांचा..."

फोन हातातून पडला.

वरची मोजणी थांबली.

मग पायरी वाजली. शिडीची. शिडी तर बाहेर पडवीत होती.

दुसरी पायरी.

मग जमिनीवर पाय... खोकला. दाराकडं नाय गेला तो. कुणालीच्या उशाशी आला.

थांबला.

दिपेश जीव खाऊन ओरडला, "शेठ! मेलात तरी विचारल्याबिगर येता? बाहेर व्हा!"

...

काय नाय. अंधार. कुणालीचा श्वास तेवढा.

दिपेशचा फोन आला तसा उजाडायला मी दुधाचा टेम्पो घेऊन पोचलो. दिपेशनं कडी काढली तेव्हा मी आत गेलो. शिडी पडवीत होती. ती लावून मी स्वतः माळ्यावर चढलो. सगळ्या गोण्यांची शिवण शाबूत. वरच्या धुळीवर बोट उठलेलं नाय. बोललो, चला, उठा, इथं एक मिनिट थांबायचं नाय.

कुणाली उठली आणि तिला ओढणी जड लागली. टोकाला गाठ होती. मी सोडली. आत भात, तुसासकट, ओटीत घालतात तेवढं.

पुढं पोरगी झाली तिला, धडधाकट हाय. साडूची बायको बोलते, म्हातारा जाता जाता ओटी भरून गेला, आशीर्वाद समजा. आशीर्वाद? मग विचारून द्यायचा ना! त्यानंतर उजाडेपर्यंत दोघं एकमेकांना धरून जागी होती रे. तिच्या अंगावरच्या ओढणीला गाठ कधी पडली, दोघांनाही कळलं नाय.