मुळं धरली का?

तो पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती आणि समोर काउंटरवर आईची वेल... म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते.

"थांबा, तिथे नको," तो म्हणाला. "पेराच्या जरा खाली कापा."

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधला माणूस. काखेत डबा, बोटांना साच्याचं प्लास्टर लागलेलं, आणि ओळख ना पाळख, मला शिकवतोय. राग यायला हवा होता. का आला नाही, हे काही कळेना.

आई गेल्यापासून बाबा त्या वेलीला येता-जाता पाणी घालायचे. तिच्याशीच बोलायचे. शेवटी मुळं कुजली आणि जिवंत अशी एकच फांदी राहिली. ती वाचवायला म्हणून मी वेल इथे घेऊन आले होते. तीही गेली असती तर बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?

"दोन तुकडे करा. एक तुम्ही लावा, एक मी लावतो. एक दगावला तरी दुसरा असेल."

"तुम्हाला का देऊ?"

"माझी... माझी खिडकी चांगली आहे."

हे काय उत्तर झालं? तरी मी दिला.

मग तो सारखाच येऊ लागला. डबा ठेवायचा, दारापर्यंत जायचा, वळायचा – "मुळं धरली का?" त्याला खरं उत्तर द्यावं म्हणून मी तो यायच्या आधी फांदी हळूच उपटून बघायची आणि पुन्हा कपातल्या मातीत खोचायची. "नाही अजून." तो हसून जायचा. हा चौकशी वेलीची करतोय की... छे, वेलीचीच. मग मी आरशात का बघतेय?

"ही लॅब हल्ली एकेक दात वेगळा का पाठवते गं?" डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं. माझे कान तापले.

एका दुपारी बाहेर पाऊस लागला होता. फांदी हातात आली ती काळी, लिबलिबीत. नेमका तो दारात.

"मुळं धरली का?"

मला रडूच फुटलं. "तुम्ही रोज विचारता, म्हणून मी रोज उपटून बघते!"

"उपटून?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, मी तर नुसतं... तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून..."

आणि तो तसाच पावसात निघून गेला. डबाही विसरला. मी फांदीसाठी रडत होते की तो गेला म्हणून, देव जाणे.

संध्याकाळी तो परत आला, चिंब भिजलेला. शर्टाच्या आडोशाला छोटी कुंडी. माझ्या हातात दिली.

"धरलीत मुळं?"

"उपटायचं नाही. हलकेच ओढून बघा."

मी ओढलं. फांदी जागची हलली नाही. आईची वेल आतून घट्ट धरून होती. माझे डोळे पुन्हा भरून आले.

"बाबांना सांगा, पाणी बेताने घाला म्हणून."

"माझं नाही ऐकत ते. तुम्हीच या सांगायला."

मग कुंडी खिडकीत ठेवायला म्हणून त्याने हात पुढे केला, माझ्या बोटांवरून कुंडी धरली आणि हलकेच ओढली.

मी सोडली नाही.

"मुळं..." तो म्हणाला.

"अजून विचारताय?"